संदर्भसूचीच्या कामाच्या नोंदी: मार्च २०२५

३ मार्च २०२५, सोमवार

आमच्या शोधलेखाला पहिल्या जर्नलचा नकार येऊन पंधरवडा झाला. आज मॅडमनी दुसरे जर्नल नक्की केले आणि संदर्भांचे काम माझ्याकडे दिले. मुदत तीन आठवडे. लेखकांसाठीच्या सूचना छापून घेतल्या आणि संदर्भांचा भाग दोनदा वाचला. आधीच्या जर्नलला एपीए शैलीच्या (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे आडनाव आणि वर्ष हवे होते. हे जर्नल व्हँकुव्हर पद्धतीचे आहे. मजकुरात चौकोनी कंसात आकडा, सूची उल्लेखाच्या क्रमाने, सहा लेखकांपर्यंत सगळी नावे आणि त्यापुढे एट अल. (म्हणजे "आणि इतर"), जर्नलची नावे संक्षिप्त, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर तो द्यायलाच हवा. संदर्भ जास्तीत जास्त ८०. आपल्या सूचीत आत्ता ९७ आहेत.

"ताई, प्लगइनमध्ये शैली बदलली की झालं ना?" असे धाकट्या सहकाऱ्याने विचारले. सगळे संदर्भ एकाच ठिकाणाहून आलेले असते तर झाले असते. फाइल उघडून एकेका उद्धरणावर क्लिक करत गेले. प्रस्तावनेतली उद्धरणे झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची जिवंत फील्ड (आपोआप बदलणाऱ्या जागा) आहेत, क्लिक केले की करड्या रंगाची छटा उमटते. चर्चेचा भाग सरांच्या एंडनोट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आला आहे. पद्धतींचा भाग जुन्या प्रबंधातून घेतलेला, तिथे सगळे हाताने टंकलेले आहे. शैली बदलली तर फक्त प्रस्तावना बदलेल. बाकीचे दोन भाग आहेत तसेच राहतील, आणि वरवर चाळणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

म्हणून आज काहीच फॉरमॅट केले नाही. मूळ फाइलची प्रत काढून नावात तारीख घातली आणि ती बाजूला ठेवली. झोटेरोमध्ये चौघांसाठी एक सामायिक ग्रंथालय उघडले. इथून पुढे संदर्भ आत येईल तो याच दाराने.

४ मार्च, मंगळवार

सूची आणि मजकूर समोरासमोर ठेवून दिवसभर मेळ घातला. एका तक्त्यात तीन रकाने केले: सूचीत आहे का, मजकुरात आहे का, मूळ लेख उघडून पाहिला का. तिसरा रकाना आज सगळा रिकामा आहे.

सूचीतल्या पाच नोंदींचा मजकुरात कुठेच उल्लेख नाही. बहुधा जुन्या मसुद्यातली वाक्ये गेली आणि नोंदी मागे राहिल्या. उलट मजकुरात तीन उल्लेख असे आहेत की सूचीत त्यांचा पत्ता नाही, त्यातला एक तर सांख्यिकीसाठी वापरलेल्या आर सॉफ्टवेअरचा. आणखी एक गोष्ट नजरेत भरली. मजकुरात एकाच आडनावापुढे "२००९ए" आणि "२००९बी" असे दोन उल्लेख आहेत. त्याच लेखकांचे त्या वर्षीचे दोन लेख असावेत असे वाटले. शोधले तर लेख एकच. तो ग्रंथालयात दोनदा शिरला होता, एकदा डीओआयसह आणि एकदा हाताने. सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे लेख वाटले आणि त्याने ए-बी लावून टाकले. अशी आणखी एक जोडी निघाली. दोन्ही जोड्या एकत्र केल्या.

हिशेब: ९७ मधून ५ गेल्या, २ जुळ्या गेल्या, ३ आल्या. उरले ९३.

६ मार्च, गुरुवार

पद्धतींचा भाग. इथे नेटाने बसावे लागले, कारण हाताने टंकलेले सगळे संदर्भ इथेच आहेत आणि त्यात जुने, सगळ्यांच्या तोंडी असलेले लेख आहेत. प्रथिनांचे मोजमाप लॉरीच्या पद्धतीने, पडताळणी ब्रॅडफर्डने, प्रथिने वेगळी करायचे जेल लॅमलीचे. विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांची यादी 'नेचर'ने २०१४ मध्ये छापली होती. तिच्यातले पहिले तीन लेख हेच: लॉरी तीन लाखांच्या वर, लॅमली दोन लाखांच्या वर, ब्रॅडफर्ड दीड लाखाच्या वर. इतक्या लोकांनी लिहिलेला संदर्भ चुकणार कसा, असे वाटते. आपल्याकडे तिन्ही चुकलेले होते.

लॉरीचा लेख १९५१ चा, 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री', खंड १९३, पृष्ठे २६५ ते २७५. आपल्या सूचीत २५६ ते २७५. पाच आणि सहा यांनी जागा बदलली आहे, बाकी काही नाही. प्रबंध काढून पाहिला, तिथेही २५६. प्रबंधाच्या आधीच्या, आपल्याच प्रयोगशाळेच्या एका लेखातही २५६. म्हणजे मूळ लेख कोणी उघडलाच नाही, आधीच्या सूचीवरून पुढची सूची उतरवली गेली. सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला होता. त्यांनी पाहिलेल्या एका गाजलेल्या लेखाच्या सुमारे ४,३०० उद्धरणांत १९६ छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका ४५ च. एकच चुकीचा पृष्ठक्रमांक ७८ वेळा आला होता. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा की उद्धृत करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ लेख वाचतात. आज आपला २५६ बघताना तो आकडा डोळ्यांपुढे आला.

ब्रॅडफर्डच्या १९७६ च्या लेखाच्या शीर्षकात मूळ शब्द "क्वांटिटेशन" आहे. आपल्याकडे कोणीतरी तो "क्वांटिफिकेशन" करून ठेवला होता. आजच्या कानाला दुसरा शब्द बरा वाटतो, मान्य. पण शीर्षक लेखकाचे आहे, आपण दुरुस्त करायचे नाही. परत क्वांटिटेशन केले.

लॅमलीची गोष्ट वेगळी. धाकट्या सहकाऱ्याने मागच्या महिन्यात तो संदर्भ काढून टाकला होता आणि त्याजागी जेलवरचे एक पुस्तक घातले होते. कारण विचारले तर म्हणाला, "शीर्षकात जेलचं नावच नाही, विषाणूबद्दल काहीतरी आहे. मला वाटलं चुकून दुसराच पेपर आलाय." त्याचे बरोबरच आहे. १९७० च्या त्या लेखाचे शीर्षक टी४ जिवाणुभक्षी विषाणूचे डोके जुळताना रचनात्मक प्रथिने कशी तुटतात, याबद्दलचे आहे. जेलची पद्धत त्या कामाच्या ओघात आली आणि तीच जगभर पसरली. त्याला लेख उघडून दाखवला. 'नेचर', खंड २२७, पृष्ठे ६८० ते ६८५. तो पहिल्या पानापासून वाचत बसला, मी पुढच्या संदर्भाकडे वळले.

७ मार्च, शुक्रवार

जर्नलांच्या नावांचे संक्षेप. आयएसओ ४ या मानकाप्रमाणे शब्दांचे संक्षेप ठरलेले असतात आणि त्यांची यादी आयएसएसएनचे (नियतकालिकांच्या ओळखक्रमांकाचे) आंतरराष्ट्रीय केंद्र सांभाळते. आपल्या जर्नलला पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीतले संक्षेप हवेत, म्हणजे तेच, पण टिंबांशिवाय. झोटेरोच्या वर्ड प्लगइनमध्ये मेडलाइनचे (पबमेडमागच्या सूचीचे) संक्षेप वापरण्याचा पर्याय आहे, तो लावला. एका शब्दाचे नाव कापत नाहीत: नेचर, सायन्स, सेल जसेच्या तसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्ताच्या संक्षेपात शेवटी यू, एस, ए ही अक्षरे सुटी लिहायची. आपल्याकडे ते नाव चार ठिकाणी चार तऱ्हांनी होते. अर्ध्या दिवसात उरकले.

१० मार्च, सोमवार

नावे. दिवस यातच गेला आणि तो जायलाच हवा होता. संदर्भात माणसाचे नाव चुकले की त्याचे काम त्याच्या खात्यावर जमा होत नाही.

पहिली चाचणी म्हणून सगळी सूची व्हँकुव्हर शैलीत काढली. सातव्या ओळीवर "ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच". जागतिक आरोग्य संघटनेला सॉफ्टवेअरने माणूस समजून शेवटचा शब्द आडनाव केला आणि पहिल्या दोहोंची आद्याक्षरे केली. संस्थेचे नाव दोन खणांत टाकले की असे होते. झोटेरोत नावाच्या खणाशेजारी एकाच खणाचा पर्याय असतो, तो लावायचा. असे सहा निघाले, त्यात दोन संशोधक-गट होते.

मग जोडआडनावे. स्पॅनिश लेखकांची दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे, दुसरे आईचे. आपल्या यादीत एका बाईंचे वडिलांकडचे आडनाव मधले नाव समजून आद्याक्षरात गेले होते, आणि सूचीत त्या आईच्या आडनावाखाली सापडत होत्या. डच नावांतले "व्हान डर" एकदा आडनावाबरोबर, एकदा आद्याक्षरानंतर. मूळ लेखावर जसे छापले आहे तसे, हा नियम धरला. जर्मन अक्षरांवरची दोन टिंबे तीन ठिकाणी गायब होती, ती परत बसवली.

सहानंतर एट अल. हा नियम बघून सहकाऱ्याने विचारले, सगळ्यांची नावे का देत नाहीत? त्याला २०१५ चा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा लेख दाखवला, अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा. लेखक ५,१५४. एकूण ३३ पाने, त्यातली २४ लेखक आणि त्यांच्या संस्थांनी भरलेली. एपीएच्या सातव्या आवृत्तीत वीस नावांपर्यंत सगळी देतात, एकवीस किंवा जास्त असतील तर पहिली एकोणीस, मग तीन टिंबे, मग शेवटचे नाव. त्याच लेखाच्या निमित्ताने दुसरी गोष्टही दाखवता आली. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स', खंड ११४, आणि पुढे १९१८०३. हा पृष्ठक्रमांक नव्हे, लेखक्रमांक आहे. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलांमध्ये हे सर्रास असते, आपल्या सूचीतही असे नऊ आहेत.

जाता जाता: शीर्षके वाक्याप्रमाणे लहान अक्षरांत आणताना सॉफ्टवेअरने "एमआरएनए" आणि जिवाणूंच्या प्रजातींची मोठी अक्षरेही लहान केली. आपल्या जुन्या बिबटेक (संदर्भांच्या) फाइलमध्ये महिरपी कंस घालून ती वाचवलेली होती, आयात करताना कंस गेले. हाताने नीट केली. प्रजातींची नावे तिरप्या टाइपात.

११ मार्च, मंगळवार

डीओआय. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या साध्या मजकूर-शोधात संदर्भ चिकटवले की डीओआय मिळतात. ८१ एका झटक्यात मिळाले. उरलेले एकेक करून.

डीओआय नेहमी १० ने सुरू होतो, टिंबानंतर नोंदणीचा आकडा, मग तिरकी रेघ, आणि त्यापुढे प्रकाशकाने ठरवलेले काहीही. या "काहीही"त खरी गंमत आहे. १९९० च्या दशकातल्या काही लेखांच्या डीओआयमध्ये टोकदार कंस आणि अर्धविराम आहेत. वेबपानावर टोकदार कंस आला की ब्राउझर तो आपलाच समजतो आणि दुवा मध्येच तुटतो. ती चिन्हे सांकेतिक रूपात लिहिली की दुवा चालतो. आपल्याकडे असे दोन. आणखी चार ठिकाणी वाक्याचा पूर्णविराम डीओआयला चिकटून आत गेला होता, त्यामुळे पत्ता चुकत होता. लहान-मोठ्या अक्षरांनी मात्र फरक पडत नाही. जुन्या "डीएक्स"ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या जागी आता नुसते डीओआय.ऑर्ग लिहायचे, क्रॉसरेफने २०१७ पासून तसेच सांगितले आहे.

मग चर्चेतल्या चौथ्या परिच्छेदातला संदर्भ. नावे ओळखीची, जर्नल खरे, वर्ष जुळते, शीर्षक आपल्या वाक्याला अगदी चपखल. डीओआयवर क्लिक केले तर भलताच लेख उघडला. टंकलेखनाची चूक असेल म्हणून जर्नलच्या त्या खंडाची अनुक्रमणिका काढली. त्या पृष्ठांवर तिसराच लेख. पबमेडमध्ये शीर्षक नाही. लेखकांच्या स्वतःच्या यादीत नाही. तासभर शोधल्यावर मान्य केले की असा लेखच नाही.

परिच्छेद कोणाचा हे फाइलच्या इतिहासात दिसत होते. सहकाऱ्याला बोलावले.

"हा संदर्भ कुठून आणला?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, तो परिच्छेद मी चॅटबॉटकडून नीट करून घेतला होता. भाषेपुरताच. संदर्भ त्याने घातला. इतका बरोबर दिसत होता की मी तपासला नाही."

रागवायचे कारण नव्हते, त्याने लपवले नाही. मॅडमना दोघांनी मिळून सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "संदर्भ काढा आणि ज्या वाक्याला तो टेकू होता तेही काढा. आधार नसेल तर विधानही नाही." वाक्य गेले. मग परिच्छेदातले बाकीचे पाचही संदर्भ त्याने स्वतः उघडून पाहिले, प्रत्येकाची पीडीएफ ग्रंथालयात जोडली. पाचही खरे निघाले.

संगणकाच्या आधीही असे भूत संदर्भसूच्यांत फिरलेले आहे. एका मोठ्या प्रकाशकाच्या लेखक-सूचनांत संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा एक लेख दिलेला होता, २००० सालचा. तो लेख कधीच नव्हता, जर्नलही नव्हते. तरी तो शेकडो लेखांच्या सूचीत शिरला. डच संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रोनेनबर्ग यांनी त्याचा माग काढला आणि अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये ती हकीकत लिहिली. नमुना पुसायचा राहून गेला, इतकेच बहुतेक ठिकाणी घडले होते. आपल्या फाइलमध्येही जर्नलने दिलेला नमुना-साचा आहे. आज त्यातले सगळे नमुना-संदर्भ खोडले.

९३ मधून १ गेला. ९२.

१२ मार्च, बुधवार

प्रस्तावनेत एक पूर्वप्रत (जर्नलमध्ये छापण्याआधी खुली केलेली प्रत) आणि तिचाच नंतर छापलेला लेख, दोन्ही वेगळे संदर्भ म्हणून होते. लेख छापून आला की बायोआर्काइव्ह या पूर्वप्रतींच्या संकेतस्थळावर पूर्वप्रतीच्या पानावर त्याचा दुवा दिसतो, त्यावरून कळले. छापील लेख ठेवला. आकडे दोन्हींत सारखे आहेत का तेही पाहिले, सारखेच आहेत. ९१.

१३ मार्च, गुरुवार

तिसरा रकाना, मूळ लेख उघडून पाहिला का. आज तो भरायला घेतला. सूचनांत हे कुठे लिहिलेले नाही आणि मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत. तरी मॅडमना विचारून दोन दिवस घेतले.

आपण प्रस्तावनेत लिहिले आहे की हे विकर (एन्झाइम) चार अंश सेल्सियसला ७२ तास स्थिर राहते, आणि एका आढावा-लेखाचा संदर्भ दिला आहे. आढावा उघडला. त्यात ते वाक्य आहे, पण आधार म्हणून दुसऱ्या आढाव्याकडे बोट. दुसऱ्यात तिसऱ्याकडे. तिसरा प्रयोगाचा मूळ लेख. त्यातल्या आलेखाचा आडवा अक्ष ४८ तासांपाशी संपतो. ७२ कुठेच नाही. वाटेत कुठेतरी कोणीतरी लिहिले आणि पुढचे उतरवत गेले, आम्हीसुद्धा. वाक्यात ४८ केले आणि संदर्भ मूळ लेखाचा दिला. आढावा दुसऱ्या एका मुद्द्यासाठी लागतो म्हणून तोही राहिला. ९२.

ही गोष्ट छोटी आहे आणि आमच्या निष्कर्षाला तिने धक्का लागत नाही. पण अशाच वाटेने किती मोठे नुकसान होऊ शकते याचे उदाहरण वैद्यकात आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९८० साली पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले. रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णांना अफूजन्य वेदनाशामके दिली तेव्हा व्यसनाची प्रकरणे फार थोडी दिसली, असे त्यात होते. त्याच जर्नलने २०१७ मध्ये त्या पत्राच्या उद्धरणांची छाननी छापली. ६०८ उद्धरणे सापडली. त्यांतल्या ७२.२ टक्के लेखांनी ते व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि ८०.८ टक्के लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात भरती होते हे सांगितलेच नव्हते. या औषधांच्या संकटाला असल्या उद्धरणांचा हातभार लागला, असे छाननी करणाऱ्यांचे मत. त्या सगळ्या लेखांत आकडे, खंड, पृष्ठे बरोबर असतीलही. वाक्य आणि संदर्भ यांच्यातला सांधा कोणी तपासला नाही.

संध्याकाळपर्यंत ५३ लेख झाले.

१४ मार्च, शुक्रवार

उरलेले ३९. दोन ठिकाणी "दाखवले" चे "सुचवले" केले, कारण मूळ लेखक स्वतःच तितके ठाम नाहीत. एका लेखाची प्रत मिळत नव्हती, ग्रंथपालांनी दुसऱ्या ग्रंथालयातून दुपारपर्यंत मिळवून दिली. त्यांचे नाव आभारात घालायला मॅडमना सांगितले.

१७ मार्च, सोमवार

कापाकापी. ९२ वरून ८० वर यायचे आणि एका विदासंचाची (डेटासेटची) नोंद अजून व्हायची आहे, म्हणजे ७९ वर थांबायचे. तेरा काढायचे.

एका वाक्यामागे पाच-सहा संदर्भांची माळ असलेली चार ठिकाणे होती. त्या माळांत पहिला लेख, सर्वांत अलीकडचा लेख आणि वेगळा निष्कर्ष सांगणारा लेख ठेवला, बाकीचे काढले. असे नऊ गेले. वेगळे सांगणारा ठेवायलाच हवा, नाहीतर वाचकाला वाटेल की सगळे एकमताने बोलत आहेत.

उरलेले चार सरांच्या स्वतःच्या लेखांतले. हे बोलायला मी कचरत होते. त्यांच्याकडे यादी घेऊन गेले आणि म्हटले, "सर, तुमचे नऊ लेख आहेत. पद्धतीसाठी पाच लागतातच. बाकीच्या चारांतलं जे आहे ते त्या पाचांत येऊन गेलंय." त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा पाहिली, मग स्वतःच पेन घेऊन चार ओळी खोडल्या. एक खोडताना म्हणाले, "हा माझा पहिला पेपर." आणि खोडला.

१८ मार्च, मंगळवार

क्रमांक. व्हँकुव्हर पद्धत ज्या वैद्यकीय संपादकांच्या गटाकडून आली, तो १९७८ मध्ये व्हँकुव्हर शहरात भरला होता. त्या गटाचा एक नियम फार जणांच्या लक्षात येत नाही. जे संदर्भ फक्त कोष्टकात किंवा आकृतीच्या मथळ्यात येतात, त्यांचा क्रमांक त्या कोष्टकाचा मजकुरात पहिल्यांदा उल्लेख येतो त्या जागेवरून ठरतो.

आपली कोष्टके फाइलच्या शेवटी आहेत. सॉफ्टवेअरला जे दिसते त्या क्रमाने ते आकडे देते, म्हणून दुसऱ्या कोष्टकातले सहा संदर्भ ७४ ते ७९ झाले. कोष्टकाचा पहिला उल्लेख मात्र पद्धतींत आहे, २२ व्या संदर्भानंतर लगेच. कोष्टक तात्पुरते त्या परिच्छेदाखाली हलवले. क्रमांक २३ ते २८ झाले आणि पुढचे सगळे सहाने सरकले. अंतिम प्रतीत फील्ड मोडल्यावर (म्हणजे त्यांचा साधा मजकूर केल्यावर) कोष्टक परत शेवटी नेणार. आधी फील्ड मोडायची, मग कोष्टक हलवायचे. उलट केले तर सगळे पुन्हा बिघडेल. हे तक्त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिले.

आणखी एक अडचण: खोडलेले चार संदर्भ सूचीत दिसतच होते. ट्रॅक चेंजेस (बदल दाखवण्याची सोय) चालू असताना खोडलेले फील्ड खरे तर फाइलमध्येच असते, आणि आमच्या सॉफ्टवेअरने ते मोजले. बदल स्वीकारल्यावर गेले.

२० मार्च, गुरुवार

सॉफ्टवेअर, विदा, वेबपाने. आरमध्ये उद्धरणाची आज्ञा दिली की संदर्भ कसा द्यायचा ते तो स्वतःच सांगतो: आर कोअर टीम, व्हिएन्नाची आर फाउंडेशन, वर्ष. आवृत्तीचा क्रमांक पद्धतींच्या मजकुरात घातला. वापरलेल्या दोन पॅकेजांसाठी वेगळी नोंद करायची की नाही यावर चर्चा झाली. ज्याच्यावर आकृती ३ चा निकाल उभा आहे, त्याची जोडीला मजकुरात आवृत्तीसह नोंद केली.

आमचा विदासंच झेनोडो या खुल्या ऑनलाइन भांडारात आहे. तिथे दोन डीओआय मिळतात, एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून आणि एक प्रत्येक आवृत्तीचा स्वतःचा. विश्लेषण ज्या आवृत्तीवर केले तिचाच द्यायचा, नाहीतर उद्या आम्ही विदा सुधारली तर वाचकाचे आकडे आमच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. तो दिला. ७९ अधिक १, ८०.

वेबपाने दोन. एकाचा दुवा मेला आहे. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात जुनी प्रत सापडली, तिचा पत्ता दिला. दुसरे पान आजच जतन करून घेतले, पाहिल्याची तारीख लिहिली.

मागे घेतलेल्या लेखांची तपासणी. झोटेरो असा लेख असला की वर लाल पट्टीने सांगतो, तो रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाच्या विदेवरून. ती विदा २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. आपल्याकडे मागे घेतलेला एकही नाही. पण एका लेखाला शुद्धिपत्र आहे आणि आपण त्याच्या ज्या कोष्टकातला आकडा घेतला तेच दुरुस्त झालेले आहे. नवा आकडा घेतला. मजकुरातली तुलना आता थोडी कमी ठळक दिसते. पहिल्या लेखिकेला फोन करून कळवले, ती म्हणाली, "जे आहे ते लिही."

२१ मार्च, शुक्रवार

शेवटचे वाचन जोडीने. सहकारी सूचीतली ओळ मोठ्याने वाचतो, मी उघडलेल्या लेखाचे पहिले पान बघते: आडनाव, आद्याक्षरे, शीर्षक, संक्षेप, वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, विसर्ग, पृष्ठे. पृष्ठांमध्ये हायफन नको, थोडी लांब रेघ हवी, ती नऊ ठिकाणी नव्हती. एकाचे दुसरे आद्याक्षर सुटले होते. लॉरीपाशी आलो तेव्हा तो थांबला आणि आकडे सुटे सुटे वाचले: दोन, सहा, पाच.

साडेचार तास लागले.

२४ मार्च, सोमवार

प्रत वेगळी ठेवून फील्ड मोडली. मग कोष्टके शेवटी नेली. आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजले, १ ते ८०, एकही उडी नाही. दुपारी मॅडमनी हस्तलिखित पाठवले.

२६ मार्च, बुधवार

तांत्रिक तपासणीतून एकच शंका आली: संदर्भ ४१ मध्ये पृष्ठांची मर्यादा नाही, पूर्ण करावी. ४१ हा त्या नऊ लेखक्रमांकवाल्यांपैकी. सहकारी म्हणाला, "पीडीएफची पानं एक ते बारा आहेत, ती टाकू का? लगेच सुटेल." मग स्वतःच लेख उघडला, पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि उत्तर लिहायला बसला. या जर्नलमध्ये पृष्ठक्रमांक नसतात, दिलेला आकडा लेखक्रमांक आहे, सोबत पहिल्या पानाची प्रत जोडली आहे. मी वाचले, एक शब्दही बदलला नाही. तासाभरात मान्य झाल्याचे आले. ग्रंथालय फक्त वाचण्यापुरते खुले ठेवले आणि तक्त्यात ४१ समोर आजची तारीख घातली.